नळकोंडाळ्यावरची हजेरी

आमच्या दीपालीला पहिली मुलगी झाली ते वर्ष, दोन हजार तेवीस. दीपाली माझी नात, थोरल्या मुलाची. तिचं घर मांजरीला, नव्या इमारतीत आठव्या मजल्यावर. बाळंतिणीचं करायला मी तिथे जाऊन राहिले होते. ऑक्टोबरातल्या एका सकाळी बाळाला पायांवर घेऊन पाणी घालत होते, तेव्हा कल्याणी नावाची मुलगी दारात येऊन उभी राहिली. तिशीची असेल. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला लॅपटॉपची पिशवी.

“आजी, आपणच प्रेमला ओव्हाळ ना? भवानी पेठेतल्या दवाखान्यात आया होता त्या?”

“होते. पण आधी पोर पुसू दे.”

पोर दीपालीच्या मांडीवर दिलं आणि हात पुसत बसले. कल्याणीने सांगितलं ते असं. आमच्या दवाखान्याचे जुने डॉक्टर, दिगंबर खळदकर, यांच्या नावाने त्यांच्या मुलाने एक न्यास काढला आहे. तो न्यास एक पुस्तक काढतो आहे. शहरातल्या वस्त्यांमध्ये घरोघर जाणाऱ्या नर्सबायांचा इतिहास. संपादक ही.

“बरीचशी मंडळी आता नाहीत ना, आजी. तुम्ही एकदा वाचून बघा. काही चुकलं असेल तर प्लीज सांगा,” असं म्हणून तिने टाचलेल्या कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला.

मी अक्षरं शिकले एकोणचाळिसाव्या वर्षी. त्यामुळे वाचायला मला वेळ लागतो, पण मी काही गाळत नाही. पहिल्या प्रकरणात दिवा घेतलेली विलायती बाई होती. दुसऱ्यात मिशनच्या दवाखान्यांतून शिकून बाहेर पडलेल्या देशी नर्सा होत्या, त्यांतल्या एकीचंही नाव नव्हतं. तिसरं प्रकरण खळदकर डॉक्टरांचं. तिथे एकतिसाव्या पानावर मथळा होता, ‘डॉ. खळदकर यांची नळभेट पद्धत’. खाली लिहिलं होतं की डॉक्टर पहाटे वस्तीतल्या नळकोंडाळ्यावर जाऊन बसत, कोणती स्त्री पाण्याला आली नाही याची नोंद घेत आणि मग तिच्या घरी जात.

वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दीपाली म्हणाली, “आजी, बीपीची गोळी घेतलीस का?”

डॉक्टर वाईट माणूस नव्हता. हात हलका होता, रोग्यावर ओरडत नसे. पण तो दहा वाजता स्कूटरवरून यायचा, पंख्याखाली बसायचा आणि एक वाजता उठायचा. मी त्याच्या हाताखाली सतरा वर्षं काढली. वस्तीतला नळ कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं की नाही, मला शंका आहे.

नळावर बसायच्या त्या मंदाकिनी शिमोन रणनवरे. हुद्दा आरोग्य परिचारिका. नगरकडच्या ख्रिस्ती घरातली बाई. मिशनच्या दवाखान्यात नर्स झाली, मग घरभेटीचं वेगळं शिक्षण घेऊन बासष्ट साली पुण्यात आली. लग्न केलं नाही. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो.

पहिल्या वर्षी बाईंना काशेवाडीच्या वस्तीत कुणी दारात उभं केलं नव्हतं. दार वाजवून “घरात कोणी गरोदर आहे का?” असं विचारलं की सासवा म्हणायच्या, “नाही.” आत पोट घेऊन बसलेली सून असायची. ख्रिस्ती बाई आली, आता नसबंदी करणार, पोराला सुई टोचून मारणार, असल्या गोष्टी वस्तीभर. बाळंतपण घरी, नाळ कापायची ती घरातल्या विळ्याने, वर राख. आठव्या दिवशी पोर धनुर्वाताने ताठ व्हायचं आणि जायचं. लोक म्हणायचे, सटवाईने नेलं.

मग बाईंनी दारं वाजवणं सोडलं. पहाटे साडेचारला नळाला पाणी यायचं. बाई तिथे जाऊन धुण्याच्या दगडावर बसायला लागल्या. कुणाला काही विचारायचं नाही. एखादीची कळशी उचलून द्यायची, एखादीच्या पोराचं नाक पुसायचं. पाण्याच्या रांगेत प्रत्येक घराचा नंबर ठरलेला असतो. बाईंनी ती रांग पाठ केली. पुढे माझ्या वेळेला गुलाबचा हंडा सातवा, तिच्यामागे पवाराची सून, तिच्यामागे शकीला. जी बाई तीन दिवस रांगेत दिसली नाही, तिच्या घरी चौथ्या दिवशी जायचं. कारण पाण्याची पाळी कुणी हौसेने सोडत नाही. रांगेत नसलेली बाई बाळंत झालेली असते, तापाने पडलेली असते, नाहीतर नवऱ्याने इतकी मारलेली असते की हंडा उचलता येत नाही. दारात जाऊन बाई म्हणायच्या, “तुमच्या सुनेचा नंबर मी धरून ठेवला होता, ती आली का नाही?” यावर कुठली सासू दार लावणार? ही ती पद्धत. दवाखान्यात कुणी तिला पद्धत म्हणत नव्हतं. मी एकाहत्तर साली आया म्हणून लागले तेव्हा शिपाई मला म्हणाला होता, “ती तुमची नर्स दिवसभर धुणेवाल्यांत बसते, तिची पिशवी तेवढी सांभाळा.”

पिशवीत काय असायचं ते मला आजही पाठ आहे. स्प्रिंगचा काटा, पोराला टांगायची कापडी झोळी, उकळलेली पाती, दोरा, जंतुनाशकाची बाटली, कार्डं. चौकटीच्या खिळ्याला काटा अडकवून पोर तोललं की सगळी गल्ली जमा व्हायची.

कल्याणीचा नंबर गठ्ठ्यावर होता. दीपालीने फोन लावून दिला.

“एकतिसावं पान खोटं आहे,” मी म्हटलं.

“म्हणजे?”

“डॉक्टर नळावर कधी गेले नाहीत. रणनवरेबाई जायच्या. मंदाकिनी रणनवरे. अजून जिवंत आहेत, वानवडीला म्हाताऱ्या नर्सांच्या आश्रमात असतात. जाऊन विचारा.”

ती म्हणाली, “आजी, मी तुमच्यावर डाउट घेत नाहीये. पण मला डॉक्युमेंट लागतं ना. मी घरभेटीची सगळी रजिस्टर्स पाहिलीत, एकोणसत्तर ते त्र्याऐंशी. बारा वह्या. त्यांत हे नाव कुठेच नाही.”

“कसं नसेल? दर भेटीला बाई सही करायच्या.”

“एक मिनिट, मी फोटो पाठवते.”

दीपालीने मोबाइल माझ्यापुढे धरला. रेघा मारलेलं पान. तारीख, घर, बाळाचं वजन, आईची तब्येत. शेवटचा रकाना, ‘भेट देणाऱ्याचे नाव’. त्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द. बाई. बाई. बाई. बाई. पानाच्या तळाला निळा शिक्का, डॉ. दिगंबर खळदकर, वैद्यकीय अधिकारी.

अक्षर माझं होतं.

शहाऐंशी साली जुन्या वह्यांना वाळवी लागली. डॉक्टरांनी हुकूम काढला की सगळ्या वह्या नव्याने उतरवून घ्या आणि जुन्या जाळा. मला लिहायला येऊन सहा-सात महिने झाले होते. लसीच्या फॉर्मांच्या कोऱ्या पाठीवर बाईंनीच शिकवलं होतं, दुपारच्या डब्यानंतर, रोज अर्धा तास. उतरवायचं काम त्यांनी मला दिलं. क्लार्क हसला. मी दीड वर्ष खपून बारा वह्या उतरवल्या. जुन्या वहीत शेवटच्या रकान्यात बाईंची सही असायची, ‘मं. शि. रणनवरे’. ती मला उतरवता आली नाही. म्हणजे हाताला येत होती. पण ज्या बाईने मला पेन धरायला शिकवलं, तिचं नाव मी असं उघडं, पुढे-मागे काही न लावता, हजार वेळा लिहायचं? आमच्यात सासऱ्याचं नाव तोंडावाटे काढत नाहीत, तर हे तर लिहायचं. मी ‘बाई’ लिहिलं. दवाखान्यात बाई म्हणजे कोण हे झाडूवालीलासुद्धा माहीत होतं.

बाईंनी पाहिलं होतं. दुसरी वही चालू असताना मागे येऊन उभ्या राहिल्या. “अगं, ही कोण बाई? दिवसाला वीस-वीस घरं करते. तिला सांग, जरा बस.” मी जीभ चावली. म्हटलं, खोडून नाव घालते. तर म्हणाल्या, “राहू दे. खाडाखोड नको. काम झाल्याशी मतलब.”

त्या राहू दे म्हणाल्या याचा मला आज जास्त राग येतो. माझा येतोच. पण त्यांनी त्या दिवशी माझ्या हातावर फूटपट्टी मारायला हवी होती. लहान चुकीला मारायच्या त्या.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा घेऊन मी वानवडीला गेले. बाई सत्त्याऐंशीच्या झाल्या होत्या. दोन्ही मूत्रपिंडं थकली होती. पाय सुजलेले, पण डोकं शाबूत. आश्रमातल्या सिस्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की तिथल्या डॉक्टरांच्या मते नाताळ निघेल, पुढचं सांगता येत नाही. बाई मात्र उशीला टेकून नर्सचंच काम करत होत्या. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला ओरडत होत्या, “अहो, कूस बदला. पाठीला जखम झाली तर मला दाखवू नका.”

मी एकतिसावं पान काढून दिलं. चष्मा लावून त्यांनी बोट ठेवून वाचलं. हसल्या.

“दिगंबर नळावर? त्या परीटघडीच्या पँटमध्ये तो दगडावर बसला असता? इस्त्री मोडली असती.”

“बाई, हसू नका.”

“मग काय करू? शिव्या देऊ? त्यांच्या वडिलांचं पुस्तक आहे. लोक आपल्या वडिलांचंच लिहितात.”

“आणि तुमचं कोण लिहिणार?”

मी वह्यांचं सांगितलं, माझ्या अक्षराचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “हो, आठवतंय.” मग पान पुन्हा वाचायला घेतलं. या खेपेला हसल्या नाहीत. बराच वेळ त्याच ओळीवर बोट. शेवटी कागद मला परत दिला आणि म्हणाल्या, “प्रेमला, एकोणीस वर्षं साडेचारला नळावर जात होते गं मी. थंडीतसुद्धा.” एवढंच. आणि तोंड भिंतीकडे केलं.

चाळीस-पन्नास वर्षांत मी बाईंना असं तोंड फिरवताना पाहिलं नव्हतं. तिथेच ठरवलं. नाताळच्या आत बाईंचं नाव त्या पानावर छापून आणायचं आणि त्यांच्या हातात द्यायचं.

कागद हवा होता आणि कागदात मीच नाव गाळलं होतं. पण बाईंचा एक कायदा होता. बाळाचं कार्ड दवाखान्यात ठेवायचं नाही, आईच्या घरी ठेवायचं. कार्ड घरात राहिलं की आई ते बघते, असं त्या म्हणायच्या. ही कार्डं बाई स्वतः भरायच्या, कारण तेव्हा मला लिहिता येत नव्हतं. म्हणजे एखाद्या घरात तरी कार्ड असणार.

पंधरा दिवस मी भवानी पेठ, लोहियानगर, काशेवाडी पालथी घातली. गुडघे माझे दोन्ही गेलेले. झोपड्या जाऊन इमारती झाल्या आहेत, नळकोंडाळं होतं तिथे मोबाइलचं दुकान आहे. ज्यांना मी झोळीत टांगलं होतं ती पोरं आता आजोबा झाली आहेत. एकाने मला विचारलं, “मावशी, कार्ड कशाला? कुठली स्कीम निघाली का?” एकीने सांगितलं, कार्ड गेल्या दिवाळीत भंगारात गेलं. गुलाबच्या सुनेने तर दारच उघडलं नाही, साखळीतून म्हणाली, “आम्हाला काही नको आहे.” मला हसू आलं आणि रागही आला. पहिल्या वर्षी बाईंना हेच ऐकावं लागलं होतं.

शकीला सापडली ती मंजूर बेकरीच्या मागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. अडुसष्ट वर्षांची. मला पाहून दारातच ओरडली.

“या अल्ला! प्रेमलाबाई? तुम अभी तक जिंदा है?”

“तुझ्या आधी मरायचं नाही असं ठरवलंय.”

“बैठो, बैठो. गुडघ्याला काय झालं? माझे पण गेले. नाजिमा, चहा टाक गं, आपा आल्यात!”

नाजिमा तिची सून. मी काय हवं ते सांगितलं. शकीला म्हणाली, “बाईका कार्ड? वो तो निकाहनाम्याच्या संगे ठेवलाय मी.” सुनेने पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. कापडी पिशवीत घडी केलेलं पिवळं कार्ड. थोरल्या शाहिदचं. शाहिद आता पंखे दुरुस्तीचं दुकान चालवतो.

चौऱ्याहत्तर साली शकीला एकोणीस वर्षांची होती. सातव्या महिन्यात बाळंत झाली आणि सासूने कुणाला कळू दिलं नाही. पोर उंदराएवढं, जगणार नाही, मग बोभाटा कशाला. नळावर नंबर चुकला. चौथ्या दिवशी बाई दारात. सासू म्हणाली, सून माहेरी गेली. बाईंनी उंबऱ्यात पाहिलं, शकीलाच्या चपला तिथेच. “माहेरी अनवाणी पाठवलीत?” असं म्हणून बाई सरळ आत शिरल्या. पिशवी घेऊन मी मागे होते. शकीला तापाने फणफणलेली. पोराला बाईंनी स्वतःच्या पोलक्यात, छातीशी धरलं आणि दुपारपर्यंत तसंच ठेवलं.

कार्डावर बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘नळावर तीन दिवस दिसली नाही म्हणून घरी गेले. बाळ १ किलो ७०० ग्रॅम. आईस ताप. रोज भेट देणे.’ खाली पूर्ण सही, मंदाकिनी शिमोन रणनवरे, आरोग्य परिचारिका, ७ नोव्हेंबर १९७४.

शकीलाला वाचता येत नाही. मी मोठ्याने वाचून दाखवलं. तिने कार्ड डोळ्यांना लावलं आणि मग माझ्या हातात दिलं. “वापस देना हां. माझ्या मयतीला सोबत ठेवा म्हणून सांगितलंय मी नाजिमाला.”

न्यासाचं कार्यालय प्रभात रस्त्याच्या एका गल्लीत. कल्याणीने कार्ड दोन्ही हातांनी धरून वाचलं. तिचा चेहरा उतरला. “सॉरी, आजी,” म्हणाली. “मी नीट शोधायला हवं होतं.” आणि मला घेऊन आतल्या खोलीत गेली. तिथे डॉक्टरांचा मुलगा सीताराम खळदकर बसला होता. सत्तरीचा, बापासारखाच पांढराशुभ्र सदरा.

त्याने कार्ड पाहिलं. उलटून पाहिलं. टेबलावर ठेवलं.

“छान आहे. आपण बसा. चहा घेणार का?”

“चहा नको. एकतिसावं पान बदला.”

“अहो, पुस्तक छापून झालं. पाचशे प्रती परवाच आल्या. चोवीस डिसेंबरला प्रकाशन आहे, पाहुणे ठरलेत. आणि नर्सिंग स्टाफचे आम्ही शेवटच्या पानावर मनःपूर्वक आभार मानलेत.”

“आभार कशाला? काय पाहुण्या होत्या त्या? काम त्यांनी केलं, आभार तुमच्या वडिलांनी मानायचे होते.”

“हे बघा मावशी, टीम असते. कप्तानाचं नाव येतं.”

“कप्तान मैदानात तरी उतरतो.”

कल्याणीने खाली पाहिलं. सीताराम खळदकर हसला नाही. वह्यांतल्या पानाची छायाप्रत काढून त्याने माझ्यापुढे सरकवली.

“मग इथे त्यांचं नाव का नाही? हे अक्षर कुणाचं?”

“माझं.”

“म्हणजे नाव आपणच गाळलंत. आणि आता आमच्याशी भांडायला आलात. कमाल आहे.”

हे वाक्य मला ठाऊक होतं की कुणीतरी म्हणणार. तीन आठवडे मी स्वतःला तेच म्हणत होते.

“हो. मीच गाळलं,” मी म्हटलं. “मला अक्कल नव्हती, मी अडाणी होते. दीड वर्ष मी चूक करत होते. पण प्रत्येक पानावर खाली शिक्का कुणाचा आहे? तुमचे वडील शिकलेले होते ना? हजार पानांवर शिक्का मारताना त्यांनी एकदा तरी विचारायचं, ही बाई कोण. मी मान ठेवला म्हणून लिहिलं नाही. त्यांनी का नाही विचारलं ते तुम्ही सांगा.”

तो खिडकीकडे बघत राहिला. म्हणाला, “फार तर एक शुद्धिपत्र घालू. चिठ्ठी, प्रत्येक प्रतीत.”

“चिठ्ठी गळून पडते.”

“मग दुसरी आवृत्ती निघाली तर बघू.”

“दुसऱ्या आवृत्तीपर्यंत बाई थांबणार नाहीत.”

तेव्हा कल्याणी बोलली. “सर, मग संपादक म्हणून माझंही नाव काढा. मी प्रकाशनाला येणार नाही. आणि का येत नाही ते विचारलं तर सांगेन.”

सीताराम खळदकर माझ्याकडे वळला आणि कुत्सितपणे म्हणाला, “पुन्हा छापणार नाही. आपलं अक्षर फार चांगलं आहे ना? मग लिहा की स्वतःच. पाचशे प्रती आहेत. अक्षर वाचता येईल असं ठेवा म्हणजे झालं.”

त्याला वाटलं मी उठून जाईन.

“पेन द्या,” मी म्हटलं.

मागच्या खोलीत पुठ्ठ्याचे खोके रचलेले होते. कल्याणीने टेबल, खुर्ची आणि पाठीला उशी दिली. एकतिसाव्या पानावरच्या मथळ्यातलं डॉक्टरांचं नाव एका रेघेने खोडायचं, वर लिहायचं ‘मंदाकिनी शिमोन रणनवरे यांची’, आणि समासात, ‘डॉक्टर नळावर गेले नाहीत. बाई गेल्या.’ सही, प्रेमला ओव्हाळ. एका प्रतीला मला चार-पाच मिनिटं लागायची. बोटं आखडली की गरम पाण्यात बुडवायची. मांजरीहून दोन बस बदलून सकाळी यायचे, संध्याकाळी परत. दिवसाला पंधरा-वीस प्रती व्हायच्या. दीपाली म्हणाली, “आजी, शिक्का बनवून घे, दोन तासांत होईल.” मी तिला जे बोलले ते इथे लिहीत नाही. पोरगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पहिल्याच दिवशी कल्याणीने एक प्रत पिशवीत घालून दिली. “आजी, ही आजच बाईंना दाखवा ना. वानवडी कुठे लांब आहे?”

मी ती परत खोक्यात ठेवली. म्हटलं, सगळं संपवून जाईन. एका प्रतीत नाव लिहून बाईंपुढे काय नाचवायचं. त्या विचारणार, “आणि बाकीच्या?” मग काय सांगू, चारशे नव्व्याण्णव राहिल्या? अर्धी गल्ली करून आलेल्या आयाला बाई दारातून परत पाठवायच्या. पाचशेच्या पाचशे झाल्या की जायचं आणि सांगायचं, झालं, एकही राहिली नाही. असं मी ठरवलं. कल्याणीने पुन्हा एकदा सांगून पाहिलं. मी तिला गप्प केलं.

मध्ये दोनदा वानवडीहून फोन आला की बाईंची तब्येत उतरते आहे. मी लिहिण्याचा वेग वाढवला.

तीनशे बाराव्या प्रतीवर होते तेव्हा आश्रमातल्या सिस्टरचा फोन कल्याणीला आला. कल्याणी दारात येऊन उभी राहिली आणि काही बोलेना. मी म्हटलं, “बोल की.” ती रडायला लागली. मी हातातली प्रत पुरी केली. का केली, मला माहीत नाही.

उरलेल्या एकशे अठ्ठ्याऐंशी प्रतींत मी लिहिलं नाही. प्रकाशन ठरल्या दिवशी झालं. कल्याणी गेली नाही, मी गेले नाही. कुठल्या पाहुण्याला कुठली प्रत मिळाली मला माहीत नाही. सीताराम खळदकरने फोन करून विचारलं की उरलेल्या प्रती अशाच वाटल्या तर माझी हरकत आहे का. मी फोन ठेवला. शकीलाचं कार्ड मी स्वतः नेऊन दिलं. बाईंच्या शवपेटीत ठेवायला म्हणूनही मी एकही प्रत दिली नाही. त्यांनी जे पान पाहिलं नाही, ते त्यांच्याबरोबर मातीत घालून काय उपयोग.

लोक म्हणतात, निदान नाव तरी लागलं. मला ते ऐकवत नाही. वीस दिवस माझ्या हातात ते पान होतं आणि वानवडी तिथून रिक्षाने अर्ध्या तासावर होती. त्यांनी शेवटचं वाचलं ते खोटं पान वाचलं.

मंदाकिनी शिमोन रणनवरे, आरोग्य परिचारिका, वय सत्त्याऐंशी, एकोणीस डिसेंबर दोन हजार तेवीस रोजी, मंगळवारी, सकाळी अकरा वाजता, वानवडीच्या आश्रमात वारल्या.